बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांना ‘मवाळ’ म्हणताना

परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड, आणि 15 डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी असलेल्या सोमनाथ सूर्यवंशीचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा औरंगाबाद खंडपीठाचा आदेश यायला 4 जुलै 2025 उजाडला. सोमनाथच्या आईची बाजू अ‍ॅड. प्रकाश आंबेडकरांनी मांडली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण 30 जुलैला तिथेही आदेश कायम राहिला.

तरीही आपल्या तरुणांत एक बोलणे कायम ऐकू येते : कोर्टकचेरी, निवेदने, सभागृहातली भाषणे हा मवाळांचा रस्ता. रस्त्यावर उतरतो तोच खरा भीमसैनिक. असे म्हणणाऱ्यांनी चांद्याच्या बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचे काम एकदा पाहावे.

भाऊराव देवाजी खोब्रागडे यांचा जन्म 25 सप्टेंबर 1925 चा. घरची परिस्थिती बरी होती. बाबासाहेबांच्या प्रेरणेने ते लंडनला गेले, 1950 मध्ये बॅरिस्टर झाले आणि परत आले ते चांद्यालाच. मोठ्या शहरात वकिली थाटून सुखाने राहता आले असते. त्यांनी गावची नगरपालिका धरली, तिचे उपाध्यक्षपद सांभाळले. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्यामागे राजाभाऊंचीच धडपड होती.

पुढे 1958 पासून तीन वेळा ते राज्यसभेवर गेले. डिसेंबर 1969 ते एप्रिल 1972 ते राज्यसभेचे उपसभापती होते. बोलणे मुद्देसूद, आवाज संयत, भर कायद्याच्या कलमावर. म्हणून मवाळ.

आता त्यांच्या काळातला मोठा प्रश्न बघा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती धर्माला बांधल्या होत्या. बौद्ध झालात की सवलत गेली. महाराष्ट्राने 1960 मध्ये राज्यापुरत्या सवलती सुरू ठेवल्या, पण केंद्रात दार बंदच होते. हे दार दगडाने उघडणारे नव्हते. त्यासाठी आदेशाचा मजकूरच बदलावा लागणार होता. रिपब्लिकन पक्षाने 1964 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दिलेल्या मागणीपत्रात ही मागणी होती. भूमिहीनांना पडीक जमीन आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्याही त्यातच होत्या. सरकार हलेना, तेव्हा 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. म्हणजे निवेदन आणि तुरुंग हे दोन वेगळे पक्ष नव्हते. एकाच पक्षाचे ते दोन हात होते.

तैलचित्र लागले 1990 मध्ये. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही 1990 मध्येच. राजाभाऊ 1984 मध्येच गेले होते.

त्यांची बाजू घेताना दुसरी गोष्ट लपवू नये. दादासाहेबांच्या हयातीतच पक्ष फुटला, त्यातल्या एका गटाला खोब्रागडे हेच नाव पडले. 1977 च्या लोकसभेत या गटाच्या 2 जागा आल्या, पण सत्याग्रहाला लाखो माणसे उभी करणारी ताकद परत आली नाही. कलमे मुखोद्गत असलेल्या नेत्यांना आपसातला तंटा मिटवता आला नाही, ही चूक मवाळपणाची नव्हती. जहाल म्हणवणारेही त्यात तितकेच होते.

त्या मागणीपत्रातली जमिनीची मागणी मात्र अजून संपलेली नाही. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांची नावे सातबाऱ्यावर लागावीत म्हणून आजही तहसीलचे खेटे चालू आहेत. सोबत अर्ज लिहिणारा, तारखेला उभा राहणारा वकील असतोच असे नाही.