नावेच्या मोटरचा पंखा

कुठे : धरणगाव आणि चोपडा तालुक्यांच्या सीमेवर तापी. पुरात बचावाच्या रबरी बोटी आउटबोर्ड मोटरवर चालतात.

आकडे : पंख्यावर ९¼ × ९ असे लिहिलेले असते. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा, पाण्यात न घसरता, जितका पुढे सरकेल ते अंतर.

निवड : पूर्ण थ्रॉटलला, नेहमीच्या वजनासह, इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे पुस्तिकेतल्या मर्यादेत हवेत. कमी पडले तर पिच कमी करा, जास्त झाले तर वाढवा. १ इंचाने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक. माणसे भरून नेणाऱ्या बोटीला कमी पिच.

धातू : ॲल्युमिनियम स्वस्त, दगडावर वाकते. स्टेनलेस स्टील टणक, पण जोराच्या धडकेचा धक्का गिअरपर्यंत पोचू शकतो.

बदलताना : आधी प्लगची वायर काढा. कॉटर पिन, नट, वॉशर यांचा क्रम लक्षात ठेवा. शाफ्टवर गुंडाळलेला जाळ्याचा दोरा काढाच. तो सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरते. शाफ्टला ग्रीस, कॉटर पिन नवी. लहान मोटरींत बहुधा शिअर पिन असते : धडकेत ती तुटते, गिअर वाचतात. तिच्या जागी खिळा घालू नये.