सल्ला देणं हे दान कधी असतं?

इल्फर्ड स्टेशनातून बाहेर पडून इल्फर्ड हिलवर थोडं चाललात की रहदारीच्या कडेला एक छोटं जुनं चॅपल लागतं. ११४५ च्या सुमारास बार्किंगच्या मठाच्या प्रमुख अ‍ॅडेलिझा यांनी इथे तेरा वृद्ध, दुबळ्या पुरुषांसाठी आश्रयस्थान काढलं. पुढे तिथे कुष्ठरोगी राहत. मध्ययुगातल्या अशा आश्रयस्थानांचा व्यवहार सरळ असे: तुम्हाला खाट आणि जेवण, बदल्यात तुम्ही देणगीदारांसाठी प्रार्थना करायची, ते जिवंत असोत वा मेलेले. म्हणजे ज्याच्याकडे काहीच उरलं नाही, तोसुद्धा देणारा ठरायचा. मला ही कल्पना फार आवडते.

कॅथलिक परंपरेत दयेची कृत्यं चौदा. सात शरीरासाठी: भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट वगैरे. उरलेली सात मनासाठी: अजाण माणसाला शिकवणं, गोंधळलेल्याला सल्ला देणं, चुकणाऱ्याला बजावणं, दुःखिताचं सांत्वन करणं, अपराधांची क्षमा करणं, त्रासदायक माणसांना सहन करणं आणि जिवंत-मृतांसाठी प्रार्थना करणं. (शेअर्ड किचनमध्ये राहिलेल्यांना सहाव्याबद्दल वेगळं सांगायला नको.)

तुम्ही श्रद्धाळू असा-नसा, या यादीतली एक गोष्ट उपयोगी आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी या सातांना दानच म्हटलं. आणि दान म्हटलं की घेणाऱ्याला काय हवंय ते आधी बघावं लागतं. मनाचं दान एरवी श्रेष्ठ, पण उपाशी माणसाला उपदेशाआधी जेवू घाला, असं ते स्पष्ट सांगतात.

आता सप्टेंबरात आलेली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. डिपॉझिट अडकलंय, घरमालक गॅरंटर मागतोय. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिला वीस सल्ले मिळतात. आठवडाभर सोफा द्यायला एखादंच घर पुढे येतं. सल्ला आपल्याकडे मुबलक असतो, म्हणून आपण तोच वाटतो. रिसर्चमध्ये तर सवयच लागते, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार.

बजावण्याबद्दल अक्वायनस आणखी सावध आहेत. आधी एकांतात बोला. आणि बोलल्याने तो माणूस जास्तच बिघडेल असं वाटत असेल, तर गप्प बसा. दिवाळीच्या कार्यक्रमात चारचौघांत 'वजन वाढलंय गं' म्हणणाऱ्या मावशी या यादीत बसत नाहीत. वजन हे मुळात पाप नाही.

शिकवण्याचं उदाहरण तर आपल्या भाषेतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात पोहोचले, मराठी शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. नव्या ख्रिश्चनांना वाचायला काहीतरी हवं होतं, कारण त्यांची जुनी पुराणं पोर्तुगीज राजवटीने बंद केली होती. म्हणजे जे 'अज्ञान' दूर करायचं, त्यातलं काही सत्तेनेच तयार केलेलं. स्टीफन्स यांचं मराठीवरचं प्रेम खरं होतं, आणि ती बंदीही खरी होती. शिकवणाऱ्याच्या हाती जोर असला की या पहिल्या कृत्याकडे मी जरा संशयानेच बघतो.

सांत्वनात मात्र आपली रीत शहाणी आहे. दुःखाच्या घरी जायचं, बसायचं, फार बोलायचं नाही. शेजारून डबा येतो. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठून निघायचं. इल्फर्डहून हे कसं करणार? मेसेजमध्ये हात जोडलेला इमोजी टाकून सुटका होते, पण तिकडे कुणाजवळ कुणी बसलेलं नसतं. फोन करा आणि शांतता आली तर ती भरून काढू नका. शक्य असेल तर पंधराव्या-सोळाव्या दिवशी पुन्हा करा. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, नंतर एकदम रिकामं होतं. हिवाळ्यात इथले दुपारचे अडीच म्हणजे तिथले रात्रीचे आठ; ताट एकट्याने वाढून घ्यायची वेळ.