अधिकृत मर्यादेपलीकडची रॅम

घरगुती साठवण-सर्व्हर, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘नॅस’, हा दोन-चार हार्डडिस्क बसवलेला आणि राउटरला जोडून अहोरात्र चालू ठेवायचा छोटा संगणक. घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, दुकानाच्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग, हिशेबाच्या फायली असे सगळे त्यावर जमा होते. त्याच्या माहितीपत्रकात कमाल रॅम किती, हे सांगणारी एक ओळ असते. सिनॉलॉजी कंपनीच्या २०२० सालच्या डीएस९२०+ या यंत्रात ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. कंपनीच्या लेखी त्यात आणखी ४ जीबी बसतात, एकूण ८. प्रत्यक्षात त्या स्लॉटमध्ये १६ जीबीची स्टिक घालून २० जीबीवर हे यंत्र बिनतक्रार चालवणारे पुष्कळ आहेत. आधीच्या डीएस९१८+ मध्ये ८ च्या जागी १६ जीबी चालते. एचपीच्या २०१० नंतरच्या छोट्या मायक्रोसर्व्हरला ८ जीबीची मर्यादा सांगितलेली होती, त्यातही १६ जीबी बसवली गेली. ॲपलचा २०११ चा मॅक मिनी हेही तसेच उदाहरण.

हा आकडा येतो कुठून, हे पाहिले की कोडे निम्मे सुटते. रॅमशी बोलणारा भाग, मेमरी कंट्रोलर, आता प्रोसेसरच्या आतच असतो. डीएस९२०+ मधला इंटेलचा सेलेरॉन जे४१२५ हा स्वस्त, कमी वीज खाणारा प्रोसेसर. त्याच्या पत्रकात इंटेलनेच ८ जीबी लिहिले आहेत. हा आकडा इंटेल ज्याची हमी देते तो आहे, कंट्रोलरच्या कुवतीचे शेवटचे टोक नव्हे. नवापूरच्या रेल्वे स्थानकात महाराष्ट्र-गुजरातची हद्द इमारतीतून आणि फलाटातून जाते, पण रूळ तिथे तुटत नाहीत. या ८ जीबीचेही तसेच. सर्व्हर बनवणारी कंपनी मग इंटेलचा आकडा उचलते, आपल्याच नावाच्या स्टिक तपासते आणि तेवढ्यापुरती जबाबदारी घेते. त्यात व्यापारही आहे. स्वस्त यंत्रात जास्त रॅम चालते असे कंपनीनेच छापले, तर महागडे यंत्र कोण घेईल?

काही मर्यादा मात्र कागदी नसतात. रॅमच्या स्टिकवर छोट्या चिप असतात आणि प्रत्येक चिपची क्षमता गिगाबिटमध्ये मोजतात. नेहमीच्या स्टिकवर, दोन्ही बाजू धरून, अशा १६ चिप मावतात. डीडीआर३ च्या काळात चिप ४ गिगाबिटची असे. १६ चिप म्हणजे ६४ गिगाबिट, म्हणजेच ८ जीबी. पुढे ८ गिगाबिटच्या चिप आल्या आणि १६ जीबीची स्टिक शक्य झाली, पण इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या कंट्रोलरला त्या चिपमधल्या वाढीव ओळी-स्तंभांचे पत्ते लिहिताच येत नव्हते. तिथे कितीही महागडी स्टिक घाला, यंत्र सुरू होत नाही. त्याआधीची ३२ बिटांची ४ जीबीची भिंत तर गणितातूनच उभी राहिली होती: ३२ बिटांत त्याहून जास्त पत्ते मांडताच येत नाहीत.

म्हणून ‘किती जीबी’ याआधी ‘कोणत्या चिपची’ हा प्रश्न विचारावा. १६ जीबीची डीडीआर४ स्टिक ८ गिगाबिटच्या १६ चिपनी बनते, किंवा १६ गिगाबिटच्या केवळ ८ चिपनी. जुन्या कंट्रोलरला पहिली रचना अधिक मानवते. दुसरी दिसायला तेवढीच आणि कधी स्वस्तही, पण ओळखली न जाण्याची शक्यता तिथेच जास्त. स्टिकच्या लेबलवर ही रचना छापलेली असते. ‘२आर×८’ म्हणजे चिपच्या दोन रांगा. जातही जुळायला हवी. लॅपटॉपच्या आकाराच्या डीडीआर३ स्टिकला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, आणि खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचा घोळ जास्त फसवा. दोन्ही एकाच स्लॉटमध्ये बसतात, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ वर चालते. डीएस९१८+ ला दुसरीच हवी. नवापूरसारख्या लहान गावातल्या ग्राहकाला अशी स्टिक ऑनलाइन किंवा सुरत-धुळ्याच्या बाजारातून मागवावी लागली, तर न चालल्यास परत घेण्याची बोली आधीच करून ठेवणे किमतीतल्या सवलतीपेक्षा मोलाचे.

नवी स्टिक घातल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. तेवढ्या वेळात कंट्रोलर नव्या स्टिकशी विजेच्या संकेतांचा ताळमेळ बसवत असतो, त्यामुळे लगेच बटण दाबून बंद करू नये. पूर्ण आकडा पडद्यावर दिसला म्हणजे काम झाले असेही नव्हे. यंत्र आपल्या कमाल रॅमचा जो आकडा स्वतः सांगते, तो उत्पादकाने बायोसमध्ये भरलेला असतो, त्यावरही विसंबता येत नाही. खरी परीक्षा म्हणजे रॅमचा कोपरा न् कोपरा पुन्हा पुन्हा लिहून वाचणे. सिनॉलॉजीच्या यंत्राला पडदा जोडता येत नाही, म्हणून त्यांच्या ‘सिनॉलॉजी असिस्टंट’ या प्रोग्राममधून ही चाचणी घेतात. ज्या यंत्रांना एचडीएमआय आहे, त्यांवर मेमटेस्ट८६+ चालतो. चाचणी रात्रभर चालू द्यावी आणि एकही चूक निघाली तर स्टिक परत करावी. इथे ‘चालते की’ म्हणून सोडून देणे परवडत नाही. फाइल डिस्कवर जाण्याआधी रॅममध्ये थांबते. तिथेच एखादा बिट उलटला, तर बीटीआरएफएस किंवा झेडएफएससारखी पडताळणी करणारी फाइल-व्यवस्थाही त्या बिघडलेल्या माहितीचीच बेरीज मांडून ती खरी मानते. बिट उलटणे फार दुर्मीळही नाही. गुगलच्या सर्व्हरांवर आधारित २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चुका आढळल्या होत्या. चूक स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी रॅम सेलेरॉनच्या या यंत्रांत उपयोगी पडत नाही.

एवढे करून हाती काय लागते? फक्त फायली ठेवणाऱ्याच्या हाती फारसे नाही. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जेमतेम ११०-११८ एमबी जातात, आणि साधी नवी हार्डडिस्क एकटीच त्याहून वेगाने वाचते. अडथळा केबलमध्ये आहे. त्याच सर्व्हरवर डॉकरचे कंटेनर, फोटोंमधले चेहरे ओळखणारा प्रोग्राम, एखादे आभासी यंत्र असे सगळे एकदम चालवले, तर मात्र ४ जीबीत यंत्र गुदमरते आणि २० जीबीत मोकळे होते. जे अशी कामे करत नाहीत, त्यांनी ते पैसे आधी यूपीएसवर घालावेत.

रॅम वाढवणाऱ्यालाही यूपीएस चुकत नाही. अशा सर्व्हरवर चालणारी लिनक्स प्रणाली नव्याने आलेली माहिती लगेच डिस्कवर लिहीत नाही. मूळ मांडणीत उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत ती साठू देते आणि साधारण ३० सेकंद जुनी झाल्यावर लिहायला घेते. रॅम पाचपट झाली की ही अधांतरी माहितीही तितकी वाढू शकते. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या नवापूरसारख्या गावात याचा अर्थ एवढाच, की कॉपी पूर्ण झाल्याचा निरोप दिसला तरी फाइलचा शेवटचा भाग डिस्कवर पोचलेला असेलच असे नाही. सर्व्हरला यूपीएसशी यूएसबी केबलने जोडले, तर बॅटरी उतरण्याआधी तो स्वतःच सगळे लिहून नीट बंद होतो.

राहिला वॉरंटीचा प्रश्न. बाहेरची स्टिक दिसली की सिनॉलॉजीची प्रणाली तशी सूचना दाखवते, आणि तक्रार नोंदवल्यावर कंपनी आधी ती काढायला सांगू शकते. म्हणून काढलेली मूळ स्टिक अँटिस्टॅटिक पिशवीत घालून बिलासोबत ठेवतात. डीएस९२०+ सारख्या यंत्रात मूळ रॅम बोर्डावरच असल्याने स्लॉट रिकामा केला की पुरते.