सहा मिनिटे कुठे गेली?

‘संगणक फार मंद चालतो’ ही तक्रार आता शाळांनाही नवी राहिलेली नाही. तिच्यावरचे ठरलेले उत्तर म्हणजे नवा संगणक घ्या, नाही तर इंटरनेटची जोडणी बदला. पण ताप हा जसा रोग नसून लक्षण आहे, तसेच मंदपणाचेही आहे. कारण शोधल्याशिवाय केलेला खर्च बहुधा वाया जातो. हे कारण कसे शोधावे, याचे एक चांगले उदाहरण आपल्याला संगणकावरच्या एका जुन्या खेळात सापडते. शाळेतील बीजगणिताशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे, म्हणून येथे ते थोडे सविस्तर पाहू.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा रॉकस्टार या कंपनीचा खेळ २०१३ साली सुरू झाला. (त्याचा विषय मारामारीचा असून तो प्रौढांसाठी आहे. तो मुलांना दाखवण्याची गरज नाही, आपल्याला हवे आहे ते त्यामागचे गणित.) जगभरातील खेळाडू इंटरनेटवरून एकत्र येऊन तो खेळतात. मात्र खेळ सुरू होईपर्यंत पडद्यासमोर कित्येक मिनिटे नुसते बसून राहावे लागे. अनेक वर्षे लोकांनी हे मुकाट्याने सोसले. खेळ मोठा आहे, माहिती पुष्कळ आहे, तेव्हा वेळ लागणारच, अशी सगळ्यांची समजूत होती.

‘खेळ मंद आहे’ या एका वाक्यात खरे तर तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. पहिली, चित्र अडखळत हलते. यात दोष बहुधा चित्रे काढणाऱ्या यंत्रभागाचा किंवा प्रोसेसरचा असतो. दुसरी, कळ दाबल्यावर परिणाम उशिरा दिसतो. येथे बहुधा अंतर आडवे येते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरवरच्या संगणकाकडे संदेश जाऊन परत यायला निदान एक दशांश सेकंद लागणारच. कितीही महाग संगणक घेतला तरी हा वेळ कमी होत नाही. तिसरी तक्रार, खेळ सुरूच व्हायला वेळ लागतो. आपल्या उदाहरणातील तक्रार ही तिसरी होती.

२०२१ च्या फेब्रुवारीत एका प्रोग्रॅमरने या प्रश्नाचा छडा लावला. तो त्या कंपनीत कामाला नव्हता, आणि खेळाची मूळ आज्ञावलीही त्याच्याजवळ नव्हती. त्याने आधी तुलना केली. हाच खेळ एकट्याने खेळण्याच्या प्रकारात त्याच्या जुन्या संगणकावर सुमारे १ मिनिट १० सेकंदांत सुरू होई. ऑनलाइन प्रकाराला मात्र सुमारे ६ मिनिटे लागत. शहर, रस्ते, गाड्या यांची जड माहिती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. मग उरलेली मिनिटे कुठे जात होती?

आता त्याने संगणकाच्या एकेका अवयवाची नाडी पाहिली. सामाईक माहिती वाचून झाल्यानंतरच्या चार मिनिटांत डिस्क जवळजवळ स्वस्थ होती. इंटरनेटवरून काही विशेष येत नव्हते. चित्रे काढणारा भाग रिकामा होता. स्मृतीचा वापरही वाढत नव्हता. प्रोसेसरचे जे अनेक ‘कोअर’ असतात, त्यांपैकी फक्त एक मात्र पूर्ण ताकदीने राबत होता. म्हणजे जोडणी बदलून किंवा डिस्क वाढवून फारसा उपयोग झाला नसता.

तो एक कोअर करत तरी काय होता? हे पाहण्याची रीत सोपी आहे. मुख्याध्यापकांनी दिवसातून वीस वेळा, कोणत्याही क्षणी, एका वर्गात डोकावून पाहिले आणि चौदा वेळा तेथे हजेरीच चाललेली दिसली, तर दिवसाचा बराचसा वेळ हजेरीत जातो हे घड्याळ न लावताही कळते. चालू आज्ञावलीतही असेच ठरावीक अंतराने डोकावून, या क्षणी कोणते काम चालू आहे याची नोंद करतात. येथे दोन कामे पुन्हा पुन्हा दिसली. दोन्ही कामे खेळातील दुकानांत मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीशी संबंधित होती. ही यादी सुमारे १ कोटी अक्षरांची होती आणि तिच्यात सुमारे ६३,००० नोंदी होत्या.

पहिले काम यादी वाचण्याचे. ‘सी’ या संगणकभाषेत मजकुराची लांबी वेगळी लिहून ठेवलेली नसते. मजकूर संपला की शेवटी शून्याची खूण असते, एवढेच. म्हणून लांबी हवी असेल तर खूण सापडेपर्यंत एकेक अक्षर ओलांडत जावे लागते. यादीतील पुढची किंमत वाचण्यासाठी जी तयार आज्ञा वापरली होती, ती दर वेळी आधी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी मोजत असे. एखादी लांबलचक वंशावळीची गुंडाळी वाचताना प्रत्येक नावाआधी ती शेवटपर्यंत उलगडून पाहावी आणि पुन्हा मागे येऊन एकच नाव वाचावे, तसा हा प्रकार. प्रत्येक नोंदीसाठी ही खेप एकदाच झाली असे धरले, तरी सरासरी ५० लाख अक्षरे गुणिले ६३,००० म्हणजे ३१,५०० कोटी अक्षरे ओलांडावी लागतात. वाचायची अक्षरे मात्र फक्त १ कोटी!

दुसरे काम पुनरावृत्ती टाळण्याचे. वाचलेली प्रत्येक नोंद साठवण्यापूर्वी ती आधीच्या सर्व नोंदींशी एकेक करून ताडून पाहिली जाई. दुसऱ्या नोंदीसाठी १ तुलना, तिसरीसाठी २, चौथीसाठी ३, याप्रमाणे. शेवटी एकूण तुलना किती? ही आपल्या ओळखीची अंकगणिती श्रेढी आहे. तिची बेरीज न(न–१)/२. न च्या जागी ६३,००० घातले की उत्तर येते सुमारे १९८ कोटी. आणि त्या यादीत एकही नोंद दोनदा आलेली नव्हती!

हेच काम दुसऱ्या रीतीने करता येते. नोंदी आधी क्रमाने लावाव्यात. अशी मांडणी करायला, चांगली पद्धत वापरली तर, दर नोंदीमागे साधारण १६ तुलना पुरतात, कारण २ चा १६ वा घात ६५,५३६ म्हणजे ६३,००० पेक्षा थोडा अधिक आहे. एकूण तुलना झाल्या सुमारे १० लाख. क्रम लागला की सारख्या नोंदी शेजारी येतात, त्यामुळे फक्त शेजाऱ्याशी तुलना उरते. १९८ कोटी कुठे आणि १० लाख कुठे!

कारण सापडले असे वाटणे वेगळे आणि ते सिद्ध होणे वेगळे. त्या प्रोग्रॅमरने दोन्ही दोषांवर उपाय केले, पण ते आधी एकेक करून तपासले. फक्त पुनरावृत्तीची तपासणी वगळल्यावर वेळ सहा मिनिटांवरून ४ मिनिटे ३० सेकंदांवर आला. मोजलेली लांबी लक्षात ठेवण्याची, एवढीच सोय केल्यावर २ मिनिटे ५० सेकंद लागले. दोन्ही उपाय एकत्र केल्यावर १ मिनिट ५० सेकंद. म्हणजे सुमारे ७० टक्के वेळ वाचला, आणि तोही संगणकाचा एकही भाग न बदलता. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलावा असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, त्याचेच हे उदाहरण. कंपनीने हे निदान मान्य केले, मार्च २०२१ मध्ये खेळात दुरुस्ती केली आणि त्या प्रोग्रॅमरला १०,००० डॉलरचे बक्षीस दिले.

इतका साधा दोष आधी कुणाच्या लक्षात कसा आला नाही, असा प्रश्न विद्यार्थी नक्की विचारतील. त्याचे उत्तर सूत्रातच आहे. समजा, यादीत १,००० नोंदी आहेत. तुलना होतील सुमारे ५ लाख, आणि संगणक त्या क्षणार्धात उरकेल. चाचणी घेणाऱ्याला काहीच वावगे दिसणार नाही. पण नोंदी ६३ पट झाल्या की तुलना ६३ च्या वर्गाइतक्या, म्हणजे जवळजवळ ४,००० पट होतात. लहान यादीवर खपून जाणारी रीत मोठ्या यादीवर कोलमडते ती अशी.

हे वर्गात करून पाहता येईल. विद्यार्थ्यांचे तीन गट करा. त्यांना अनुक्रमे १०, २० आणि ४० चिठ्ठ्या द्या. प्रत्येक चिठ्ठीवर वेगळी संख्या असावी. नवी चिठ्ठी मांडण्यापूर्वी ती आधीच्या प्रत्येक चिठ्ठीशी ताडून पाहायची आणि तुलना मोजायच्या. उत्तरे ४५, १९० आणि ७८० यावीत. चिठ्ठ्या दुप्पट केल्या की तुलना चौपटीहून किंचित जास्त होतात, हे मुलांना आलेखावर आपोआप दिसेल. नंतर ४० चिठ्ठ्यांच्या गटाला आधी चिठ्ठ्या क्रमाने लावू द्या. सगळ्या चिठ्ठ्या एकदम लावण्याऐवजी निम्म्या निम्म्या लावून मग दोन्ही गठ्ठे एकमेकांत मिसळले तर तुलना किती वाचतात, हे त्यांनाच शोधू द्यावे. ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही हा प्रयोग अर्ध्या तासात होतो.