कारभारी एकच हवा!

‘बारभाईची खेती, काय लागेल हाती?’ अशी जुनी म्हण आहे. खटल्याच्या घरात दोघांनी कारभार हाती घेतला, की एक भाऊ बैल विकून मोकळा होतो आणि दुसरा त्याच बैलावर इसार घेऊन बसतो! नेमका हाच पेच संगणकांनाही पडतो.

महत्त्वाच्या नोंदी एकाच संगणकावर ठेवल्या आणि तो बिघडला, तर सारेच बुडाले. म्हणून मोठ्या कारभारात त्याच नोंदी तीन किंवा पाच संगणकांवर ठेवतात. त्यांतला एक म्होरक्या. नवी नोंद आधी त्याच्याकडे जाते, बाकीचे तिची नक्कल करतात. ‘मी जागा आहे’ असा इशारा तो सतत देत राहतो. इशारा थांबला, की दुसरा म्होरक्या निवडायचा.

खरी मेख इथेच आहे. इशारा आला नाही, म्हणजे म्होरक्या बंद पडला की मधली तार तुटली? दुरून दोन्ही सारखेच दिसते. तार तुटली असेल, तर पलीकडे जुना म्होरक्या काम करतोच आहे आणि अलीकडे नवा उभा राहतो!

यावर उपाय बहुमताचा. पाच संगणक असतील तर तीन मते हवीत. तार तुटून तीन आणि दोन असे तट पडले, तर तीन मते एकाच बाजूला मिळतात. दोघांच्या बाजूने नवी नोंद पक्की करायची नाही. प्रत्येक निवडणुकीला चढता क्रमांक असतो. जुना म्होरक्या परत आला, की मोठा क्रमांक पाहून तो मुकाट्याने पायउतार होतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘पॅक्सॉस’ पद्धत १९९८ साली छापून आली. समजायला सोपी अशी ‘राफ्ट’ पद्धत ऑंगारो आणि आउस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडली. ज्याची वही आपल्या वहीच्या मागे आहे, त्याला मत द्यायचे नाही, असा राफ्टचा दंडक आहे.

तरीही घोटाळा कसा होतो, ते पाहा. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतील ‘गिटहब’ या कंपनीत दुरुस्ती चालू असताना पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क तुटला. अवघे ४३ सेकंद! तेवढ्यात देखरेख करणाऱ्या संगणकांनी बहुमताने कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. पण पूर्वेकडच्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या. सेवा पुन्हा सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

निवड बहुमताने झाली होती, मग चुकले काय? मत देणारे निराळे होते, वह्या निराळ्या होत्या. म्होरक्या निवडायला बहुमत लागते, तसेच नोंद पक्की धरायलाही लागते. निम्म्याहून अधिक वह्यांत उतरल्याशिवाय ‘झाले’ म्हणायचे नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, मोबाईलवरून पैसे पाठवताना कधी व्यवहार मध्येच अडकतो. कारण काहीही असो, घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. थोडे थांबा, खात्याची शिल्लक पाहा. पहिली नोंद उतरली की नाही, याची खात्री करा आणि मगच पुढचे पाऊल टाका.