सागरकिनाऱ्याचे स्वयंसेवी राखणदार

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेल्या सौंसर तालुक्यापासून समुद्र फार दूर आहे. येथील शेतकऱ्याच्या नित्य दृष्टीस पडतात त्या संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि सागवानाची राने. तथापि पाण्याची वाट धरून गेल्यास हे अंतर वाटते तितके उरत नाही. जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विलीन होते. गोदावरी जेथे बंगालच्या उपसागरास मिळते, तेथे कोरिंगा अभयारण्याची विस्तीर्ण कांदळवने आहेत आणि त्या परिसरातील वाळूत सागरी कासवे अंडी घालावयास येतात. सौंसरच्या शिवारात पडलेल्या पावसाचा काही अंश अशा रीतीने त्या किनारी वनांच्या मुळाशी पोचतो.

हीच कासवे कोकणच्या किनाऱ्यावरही येतात. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे परस्परांपासून अगदी अलग असावीत असा पूर्वी समज होता. परंतु ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. एका किनाऱ्यावर केलेले रक्षण दुसऱ्या किनाऱ्याच्याही उपयोगी पडते, हे या घटनेवरून स्पष्ट होते. या रक्षणाच्या कार्यात कोकणातील ग्रामस्थांनी स्वेच्छेने जो वाटा उचलला, त्याची माहिती समुद्रापासून दूर असलेल्या वनप्रदेशातील ग्रामस्थांनाही उद्‌बोधक ठरेल.

कासवाचा जीवनक्रम

कोकण किनाऱ्यावर प्रामुख्याने येणाऱ्या कासवाच्या जातीस ऑलिव्ह रिडले असे नाव आहे. त्याची पाठ हिरवट करड्या रंगाची असून ती सुमारे दोन फूट लांबीची असते. आयुष्याचा बहुतेक काळ हे कासव समुद्रातच घालविते. मादी मात्र अंडी घालण्यापुरती जमिनीवर येते. कोकणात हा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असा असतो. मादी रात्रीच्या वेळी भरतीरेषेच्या वर चढून येते, मागील वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून व अंगाच्या भाराने दाबून खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. त्यानंतर ती त्या घरट्याकडे फिरकत नाही.

अंडी उबविण्याचे काम वाळूची ऊब करते. साधारणपणे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतामानावर अवलंबून असते; वाळू अधिक तापलेली असल्यास माद्या अधिक निपजतात. कोल्हे, कुत्री, खेकडे, घारी आणि पुढे समुद्रातील मोठे मासे यांच्या तावडीतून सुटून प्रौढावस्थेस पोचणारे पिल्लू हजारात एखादेच असते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. निसर्गाने हे नुकसान गृहीत धरूनच अंड्यांची संख्या मोठी ठेवली आहे. मात्र माणसाने संपूर्ण घरटेच उकरून नेल्यास या हिशेबात काहीच शिल्लक राहत नाही.

वेळास येथील प्रारंभ

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासास परिचित आहे. चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र ही स्वयंसेवी संस्था २००२ च्या सुमारास किनाऱ्यावरील समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत होती. उंच वृक्षांवर घरटी बांधणारा हा पक्षी किनारी वनराईच्या सुस्थितीचा निदर्शक मानला जातो. या पाहणीच्या ओघात कार्यकर्त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशीअंती असे दिसून आले की, येथे कासवे नियमितपणे येतात. परंतु त्यांची अंडी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढली जातात.

वन्य प्राणी (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या कासवास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यामुळे तक्रार नोंदवून संबंधितांवर कारवाई करविणे, हा एक मार्ग संस्थेस मोकळा होता. परंतु लांबच लांब किनारा, रात्रीची वेळ आणि मोजके वनरक्षक यांचा विचार करता केवळ कायद्याच्या धाकाने अंडी वाचणे कठीण होते. शिवाय अंडी काढणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ असून त्यात आपण काही अपराध करीत आहोत, अशी भावना गावात नव्हती. म्हणून संस्थेचे संस्थापक भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामस्थांशी बोलणी करून त्यांनाच या कार्यात सहभागी करून घेतले. वाळूवरील पावलांची रेघ पाहून घरटे नेमके कोठे आहे, हे सांगण्याचे ज्ञान बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा गावकऱ्यांना अधिक होते. तेच ज्ञान आता अंडी नेण्याऐवजी अंडी राखण्याच्या कामी आले. पहिल्याच हंगामात सुमारे ५० घरट्यांचे रक्षण होऊन २,७०० हून अधिक पिल्ले समुद्रात सोडण्यात आली.

कामाची पद्धत

हे काम दिसावयास सोपे, परंतु चिकाटीचे आहे. हंगामात कासवमित्र रोज पहाटे, भरतीचे पाणी पावलांच्या खुणा पुसून टाकण्यापूर्वी, संपूर्ण किनारा पायी तपासतात. घरटे आढळल्यास वाळू हळुवार हाताने बाजूला करून अंडी काढली जातात. अंड्यातील गर्भ कवचाच्या आतील बाजूस चिकटून वाढत असल्यामुळे अंडी उलटीसुलटी होणार नाहीत व त्यांस धक्का बसणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. विलंब झाल्यास धोका वाढतो, म्हणून हे काम घरटे घातल्यापासून थोड्याच तासांत उरकले जाते.

किनाऱ्यावरच भरतीच्या पाण्यापासून दूर, जाळीच्या कुंपणाने सुरक्षित केलेल्या जागेत मूळ घरट्याच्याच आकाराचे व खोलीचे खड्डे खणून अंडी पुरली जातात. प्रत्येक खड्ड्यावर तारीख व अंड्यांची संख्या नोंदविणारी पाटी लावली जाते. पिल्ले निघण्याचे दिवस जवळ आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालून तिच्याखाली वारंवार पाहणी होते. बाहेर आलेली पिल्ले सकाळी व सायंकाळी लाटांपासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. त्यांना उचलून थेट पाण्यात टाकीत नाहीत. वाळूवरून स्वतः चालत जाताना पिल्लांच्या ठिकाणी जन्मस्थानाची ओळख ठसते आणि प्रौढ झाल्यावर मादी त्याच परिसरात परत येते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

संरक्षणास उपजीविकेची जोड

अंडी वाचविण्याचे आवाहन एखाददुसऱ्या वर्षी मनावर घेतले जाते. ते वर्षानुवर्षे पाळले जावयाचे तर गावाच्या संसाराशी त्याचा संबंध जुळावा लागतो. या दृष्टीने २००६ पासून वेळास येथे कासव महोत्सव भरविण्यास प्रारंभ झाला. पिल्ले समुद्रात जातानाचे दृश्य पाहण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून पाहुणे येऊ लागले. त्यांच्यासाठी मोठी हॉटेले न बांधता गावातील घरांतूनच निवासाची व घरगुती भोजनाची सोय करण्यात आली. त्यामुळे उत्पन्न थेट कुटुंबांच्या, विशेषतः गृहिणींच्या, हाती पडू लागले. एका घरट्यातील अंड्यांच्या विक्रीतून एकदाच मिळणाऱ्या पैशांपेक्षा त्याच घरट्यातून निघणारी पिल्ले गावास अधिक देतात, हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

पुढे हे कार्य वेळासचे कासवमित्र व वन विभाग यांच्याकडे आले आणि आंजर्ले, कोळथरे, दिवेआगर, हरिहरेश्वर, वायंगणी आदी गावांच्या किनाऱ्यांवरही कासवांची राखण होऊ लागली. २०२२ साली भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसविली. त्यांपैकी पहिली मादी वेळासची असून तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले.

कांदळवनांची राखण

किनाऱ्याचे संरक्षण वाळूपुरते मर्यादित नाही. खाड्यांच्या मुखाशी, भरतीचे खारे पाणी ज्या चिखलात येते-जाते, तेथे तिवर, कांदळ, चिप्पी आदी वृक्षांची वने उभी असतात. चिखलात हवा मिळत नसल्यामुळे यांपैकी अनेक वृक्षांची श्वसनमुळे जमिनीतून वर डोकावतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि मग चिखलात पडते. ही वने लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात आणि मासे, कोळंबी व खेकडे यांच्या पिल्लांना आश्रय देतात. मच्छीमाराच्या जाळ्यात पडणाऱ्या मासळीचा मोठा वाटा आपले बालपण या मुळांच्या आधाराने काढतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस मनाई करणारा महत्त्वाचा आदेश दिला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीस राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. शासकीय उपायांस लोकांच्या उद्यमाची जोड कशी मिळते, याचे उदाहरण वेंगुर्ले येथे पाहावयास मिळते. तेथील स्वामिनी या महिला बचत गटाने २०१७ साली मांडवी खाडीत कांदळवन दर्शनाची फेरी सुरू केली. गटातील महिला स्वतः होडी वल्हवितात आणि पर्यटकांस वृक्षांची व पक्ष्यांची माहिती सांगतात. ज्या वनावर चरितार्थाचा काही भाग अवलंबून आहे, त्यावर कुऱ्हाड पडू न देण्याविषयी त्या साहजिकच दक्ष असतात.

अडचणी आणि मर्यादा

या यशाने निश्चिंत होण्यासारखी परिस्थिती मात्र नाही. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेले कासव श्वासासाठी पृष्ठभागावर न आल्यास गुदमरून मरते. यावर उपाय म्हणून, जाळे कापून कासवादी संरक्षित प्राण्यांची सुटका करणाऱ्या मच्छीमारांस २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झाली. किनाऱ्यावरील प्रखर दिव्यांमुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीच्या दिशेने भरकटतात. वाऱ्यास अडथळा म्हणून लावलेली सुरूची झाडे भरतीरेषेच्या फार जवळ आल्यास मादीस खणावयास मोकळी वाळू उरत नाही. म्हणजे झाडे कोठे लावावीत इतकाच, ती कोठे लावू नयेत, हाही विचार आवश्यक ठरतो. हवामान तापत गेल्यास घरट्यांतून नर पिल्ले निपजण्याचे प्रमाण घटण्याचा संभव आहे. पाहुण्यांची गर्दी वाढली तर ज्या शांततेसाठी कासव येथे येते तीच भंग पावण्याची भीती आहे.

सर्वांत मोठी कसोटी काळाची आहे. या कासवास प्रौढ होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. २००२ च्या हंगामात जन्मलेल्या पिल्लांपैकी जी थोडी वाचली असतील, त्यांतील माद्या अंडी घालण्याजोग्या होईपर्यंत तो किनारा तितकाच निर्धोक राहावयास हवा होता. मधल्या काळात राखण थांबली असती, तर आधीचे परिश्रमही वाया गेले असते. म्हणून एका उत्साही कार्यकर्त्याच्या हयातीपुरते नव्हे, तर गावाच्या रीतीत मुरलेले असे हे काम असावे लागते.

वनप्रदेशास बोध

मध्य प्रदेशात १९९१ पासून संयुक्त वन व्यवस्थापनाखाली ग्राम वन समित्या व वन सुरक्षा समित्या स्थापन झाल्या आहेत. २०२३ साली नव्याने निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात सौंसर व पांढुर्णा हे दोन्ही तालुके येतात आणि त्यांच्या उत्तरेस सातपुड्याची राने पसरली आहेत. सातपुडा व पेंच या व्याघ्र प्रकल्पांमधील वन्य प्राण्यांची ये-जा छिंदवाडा परिसरातील वनांच्या आधारानेच होते. तेथे वाळू नाही व कासवही नाही. परंतु प्रश्न तोच आहे. रानाची वाट ज्यास ठाऊक आहे, मोहफूल, तेंदूपान व सरपण यांसाठी जो रोज रानात जातो, त्यास रानाचा राखणदार कसे करावयाचे?

वेळासच्या अनुभवाने याचे उत्तर पुरेसे स्पष्ट केले आहे. स्थानिकांच्या ज्ञानास मान द्यावा, केवळ निषेधाऐवजी काम द्यावे, रक्षणाचा लाभ रक्षण करणाऱ्याच्या घरी पोचेल अशी व्यवस्था करावी आणि फळाची घाई न करता ती व्यवस्था पुढील पिढीच्या हाती सोपवावी. शासनाचे साहाय्य व शास्त्रज्ञांचे मार्गदर्शन यांना ग्रामस्थांच्या आपुलकीची जोड मिळाल्यास किनाऱ्यावरील वाळू काय आणि सातपुड्यातील सागवान काय, दोन्ही सुरक्षित राहतील, असा विश्वास बाळगण्यास निश्चितच आधार आहे.