खडकांमधली रात्र आणि पाण्याचा हिशेब

गेल्या वर्षी मार्च महिन्यात आम्ही उभयता कॅलिफोर्नियात लेकीकडे होतो. ‘‘दोन रात्री वाळवंटात तंबू ठोकून राहू या,’’ असे तिने सुचवले तेव्हा मी मनातून धास्तावले. यजमानांचा चेहरा मात्र खुलला. त्यांचे वय ७४. तरुणपणी सह्याद्रीतील किल्ल्यांवर त्यांनी कित्येक रात्री काढलेल्या. आता रक्तदाबासाठी दोन गोळ्या चालू आहेत. त्यांतील एक लघवीवाटे शरीरातील जादा पाणी व क्षार बाहेर टाकणारी. ‘आपल्याला घरी बसवून मुले फिरायला जातात,’ ही त्यांची जुनी खंत होती. त्यामुळे लेकीच्या या आमंत्रणाचे मोल त्यांच्या लेखी फार मोठे होते.

त्या सहलीत एक प्रसंग ओढवला. त्याचे मूळ एका अगदी साध्या सवयीत होते. ती आपल्यापैकी पुष्कळ ज्येष्ठांना असते आणि तिच्याविषयी घरात क्वचितच बोलले जाते. हा लेख त्या सवयीविषयी आहे.

दगडांची वस्ती

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान लॉस एंजेलिसच्या पूर्वेला मोटारीने सुमारे अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. मोहावी आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटे येथे एकमेकांना मिळतात. या प्रदेशाला १९३६ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचा विस्तार ३,२०० चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक आहे. ज्या झाडावरून उद्यानाला नाव पडले, ते आपल्या घायपाताच्या कुळातले. काटेरी पात्यांचे झुबके असलेल्या फांद्या वर उचलून उभे असलेले.

आमचा मुक्काम ‘जम्बो रॉक्स’ या तळावर होता. समुद्रसपाटीपासून ४,४०० फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीवर, प्रचंड शिळांच्या कुशीत तंबूंसाठी १२४ जागा केलेल्या आहेत. या शिळा ग्रॅनाइटच्या एका प्रकारच्या आहेत. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस भूपृष्ठाखाली थिजला, त्याला भेगा पडल्या. पुढे जमिनीत मुरणाऱ्या पाण्याने त्या भेगांच्या कडा हळूहळू कुजवून ठोकळ्यांना गोलाई आणली आणि वरची माती वाहून गेल्यावर ते उघडे पडले. हंपीचे गोलाकार धोंडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या देखाव्याची कल्पना सहज येईल.

या दगडांना आकार पाण्याने दिला असला, तरी तळावर आज पाण्याचा थेंब मिळत नाही. प्रत्येक जागेला एक मेज-बाक आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते; शौचालये खड्ड्याची, थोडे चालून गाठण्याजोगी. मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. पिण्याचे, स्वयंपाकाचे, हात धुण्याचे सगळे पाणी उद्यानाबाहेरच्या गावातून भरून न्यावे लागते. माणशी दररोज किमान चार लिटर आणि चालणे-चढणे होणार असेल तर त्याच्या दुप्पट साठा जवळ ठेवावा, असे उद्यानाचे सांगणे आहे. लेकीने हिशेबाने पाणी आणले होते. पाण्याची उणीव नव्हती, आणि तरीही ती भासली.

एक ‘शहाणी’ सवय

पहिल्या दिवशी हवा सुखद होती. आम्ही कवटीच्या आकाराचा प्रसिद्ध खडक पाहिला. तो रस्त्यालगतच असल्याने त्यासाठी फार चालावे लागत नाही. दुपारी जावई आणि नातू शिळांवर चढले, आम्ही सावलीत बसून त्यांना पाहत होतो. घाम कोणालाच आला नाही, निदान दिसला तरी नाही. कोरड्या हवेत घाम अंगावर राहत नाही, येता क्षणीच उडून जातो. त्यामुळे शरीरातून पाणी जात असल्याची खूणच उरत नाही.

दुपारी चारनंतर यजमानांनी पाणी जवळजवळ बंद केले. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. तंबूतून वाकून बाहेर पडायचे, अंधारात शौचालयापर्यंत जायचे आणि त्यासाठी लेकीची झोपमोड करायची, हे त्यांना नको होते. प्रवासात, लग्नकार्यात, परक्या घरी ते असेच करतात. ‘‘बाबा, पाणी प्यायलात ना?’’ असे लेकीने दोनदा विचारले. ‘‘हो गं, प्यायलो,’’ हे ठरलेले उत्तर मिळाले. खरे काय ते मला ठाऊक होते. पण तिच्या नवऱ्यासमोर त्यांना अवघडल्यासारखे व्हायला नको, म्हणून मीही गप्प राहिले.

रात्री अडीचच्या सुमारास ते उठलेच. बाहेर कडाक्याची थंडी होती. तंबूची चेन उघडून ते झटकन उभे राहिले आणि दोन पावलांवर त्यांचा तोल गेला. सुदैवाने शेजारच्या शिळेला हात टेकला आणि ते खाली बसले. तळहात खरचटला, डोक्याला मार लागला नाही. मी हाक मारली, तर काही क्षण त्यांना आपण कुठे आहोत ते सांगता येईना. जीभ कोरडी पडली होती. लेकीने त्यांना आडवे निजवले, पाय उंचावर ठेवले आणि ते नीट भानावर आल्यावर घोटघोट पाणी पाजले. अर्ध्या तासात ते पूर्ववत झाले. संपर्काविना त्या काळोखात तो अर्धा तास आम्हा सर्वांना फार मोठा वाटला.

असे का होते?

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण तहान लागत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही उतरते. त्यात लघवी वाढवणारे औषध असेल तर शरीरातील पाण्याची शिल्लक आणखी कमी होते. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे एकाएकी उभे राहिल्यावर मेंदूकडे रक्त पोहोचण्यास क्षणभर विलंब होतो आणि घेरी येते. शरीरात पाणी कमी असेल तर हा धोका बळावतो. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात व लघवीचे प्रमाण वाढते. म्हणून पाणी न पिता निजलेल्या माणसालाही वाळवंटातील गार रात्री उठावेच लागते. ज्या त्रासासाठी पाणी सोडले तो त्रास टळत नाही, उलट त्यात पडण्याची भर पडते.

ज्येष्ठांमध्ये पाणी कमी झाल्याचे पहिले लक्षण तहान हे नसते. गडद रंगाची व थोडी लघवी, कोरडी जीभ, उभे राहताना गरगरणे, चिडचिड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले तरी काळजीवाहकाने सावध व्हावे. भ्रम वाढत असेल, उलट्या होत असतील किंवा माणूस नीट गिळू शकत नसेल, तर बळेच पाणी न पाजता त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

दिवस आणि रात्र यांची आखणी

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने परतण्याचा विषय काढला. यजमानांनी तेव्हा प्रथमच मोकळेपणाने सांगितले, ‘‘मी पाणी प्यायलो नव्हतो. रात्री उठायची धास्ती वाटते.’’ या एका वाक्याने पुढचे सगळे सोपे झाले. आम्ही परतलो नाही. पण त्यांना बरे वाटत आहे याची खात्री करून दिवसभराची आखणी बदलली. ती येथे देत आहे.

पाण्याचा मोठा वाटा सकाळी उठल्यापासून दुपारी चारपर्यंत, दर तासाला थोडे थोडे असा घ्यावा. संध्याकाळी प्रमाण कमी करावे, बंद करू नये. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत औषधापुरते घोट पुरेत. शेवटचा चहा चारच्या आत. शिध्यात नुसता चिवडा, शेव, चकली असे कोरडे व खारट पदार्थ न ठेवता संत्री, काकडी, मऊ खिचडी, वरणभात यांनाही जागा द्यावी. लघवीची गोळी सकाळी घेता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वेळ वा मात्रा स्वतःहून बदलू नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजूनच घेण्यास सांगितले आहे, त्यांनी चार लिटरांचा आकडा आपल्याला लागू धरू नये. आपली मर्यादा डॉक्टरांकडून समजून घ्यावी. जलसंजीवनीतही मीठ असते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनी तीही विचारूनच घ्यावी.

रात्रीसाठी तंबूतच युरिन पॉट ठेवावा. स्त्रियांसाठीही तसे भांडे मिळते. लाज वाटण्याजोगे त्यात काही नाही. आम्ही तो गावातल्या औषधाच्या दुकानातून आणला आणि त्या रात्री तीनशे पावलांची अंधारी चाल वाचली. जमिनीवरच्या गादीपेक्षा घडीची खाट चांगली, कारण तिच्यावरून उठताना गुडघ्यांवर भार कमी पडतो. उठल्यावर आधी काठावर मिनिट-दोन मिनिटे बसावे, पाय हलवावे आणि मगच काहीतरी धरून उभे राहावे. ग्रॅनाइटची झीज होऊन झालेली जाड वाळू पायाखालून धान्यासारखी सरकते. म्हणून सपाता न वापरता टाच धरणारी पादत्राणे घालावीत, तीही आधी झटकून, कारण विंचू आडोसा शोधतात. खडकांच्या फटींत हात घालू नये. डोक्याला बांधायची विजेरी असली की दोन्ही हात मोकळे राहतात.

थंडीसाठी एका जाड कपड्यापेक्षा थरांनी कपडे घालावेत. कानटोपी आणि लोकरी मोजे विसरू नयेत. वसंतातही येथे पहाटे पारा पुष्कळ उतरतो, हिवाळ्यात तो गोठणबिंदूखाली जातो आणि उन्हाळ्यात दिवसा ३८ अंशांच्या पुढे चढतो. ज्येष्ठांसाठी वसंत आणि शरद हेच ऋतू. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये व रात्री गोठूही देऊ नये. दम्याच्या रुग्णांनी शेकोटीचा धूर आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला बसावे. औषधांची यादी, मात्रा आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता कागदावर लिहून ठेवावा. तेथे फोनवर काही शोधता येत नाही.

कोणी जाऊ नये, कोणी अर्धेच जावे

अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी अशा दुर्गम मुक्कामाचा विचार डॉक्टरांच्या संमतीशिवाय करू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी रात्रीचा तळ विशेष धोक्याचा असतो. एकसारख्या दिसणाऱ्या शिळांमध्ये धडधाकट माणसाचीही दिशा चुकते. अशा कुटुंबांनी दिवसभर उद्यान पाहून मुक्कामाला गावातील हॉटेलात यावे. कॅप रॉकजवळची जेमतेम ६०० मीटरची सपाट पायवाट चाकाच्या खुर्चीनेही करता येते आणि शिळांचे वैभव तेथेही तेवढेच आहे. तंबूच हवा पण पाण्याची व शौचालयाची सोय जवळ हवी असेल, तर याच उद्यानातील ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड या तळांवर पिण्याचे पाणी मिळते.

काळजीवाहकांना एक विनंती. ‘पाणी प्यायलात का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येते. त्याऐवजी सकाळी एक लिटरची बाटली भरून हाती द्यावी आणि दुपारी ती किती रिकामी झाली ते पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्रीच्या उठण्याविषयी घरातल्या माणसाने स्वतःहून आणि चारचौघांत नव्हे, तर एकांतात विचारावे. वडीलधाऱ्यांच्या संकोचाला तोंड फोडण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकून चालत नाही. त्या पहिल्या रात्रीचा माझा स्वतःचा गप्पपणा मला आजही टोचतो.

दुसऱ्या रात्री यजमान एकदाच उठले, तेही तंबूतल्या तंबूत. नंतर अंगाभोवती शाल घेऊन ते खुर्चीवर बाहेर बसले. लेक शेजारी बसली. या उद्यानाला २०१७ मध्ये काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे, आणि त्या रात्री ती सार्थ वाटली. काळ्या शिळांच्या माथ्यावर आकाश ताऱ्यांनी भरून गेले होते. सप्तर्षी, स्वाती, चित्रा अशी नावे ते लेकीला बोट दाखवून सांगत होते. तिने थर्मासमधले कोमट पाणी पुढे केले. त्यांनी एक घोट घेतला आणि हसून म्हणाले, ‘‘हा खरा प्यायलो हं.’’